धरणाची पातळी मीटरमध्ये: रब्बीचे पाणी ठरवताना कोणता आकडा बघावा

ऑक्टोबरच्या मध्यावर धरणांची टक्केवारी रोज छापून येते आणि बहुतेक जण तेवढ्यावरच रब्बीचा बेत करतात. शेजारीच मीटरमधला तलांक, म्हणजे पाण्याची पातळी, असतो. तो फारसा वाचला जात नाही, आणि वाचला तरी भलताच अर्थ काढला जातो. मांजरा धरण भरते ६४२.३७ मीटरला, मुळा ५५२.३० ला, उजनी ४९६.८३ ला, पैठणचा नाथसागर (जायकवाडी) ४६३.९१ ला आणि भंडारदरा ७४४.९१ ला. ही समुद्रसपाटीपासूनची उंची झाली. तिच्यावरून कोणाकडे पाणी जास्त हे कळत नाही. या पाचांत सर्वांत खाली असलेल्या पैठणचा एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, तर सर्वांत उंचावरच्या भंडारदऱ्याचा ११.

तलांक वाचायचा तो त्याच धरणाच्या दोन खुणांच्या मध्ये: वर पूर्ण संचय पातळी, खाली किमान पातळी. उजनीत या दोन खुणा ४९६.८३ आणि ४९१.०३ आहेत. म्हणजे ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा अवघ्या ५.८० मीटरच्या थरात बसलेला आहे. एक मीटर उतरला की सरासरी ९ टीएमसी गेले. त्याखाली सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे, म्हणून उजनी ‘उणे’त जाते तेव्हा धरण कोरडे नसते. उणे ५० टक्के म्हणजे उपयुक्त साठ्याच्या निम्मे, साधारण २७ टीएमसी, मृतसाठ्यातून वापरले गेले आणि ३६-३७ उरले. मात्र त्या आकड्यात गाळाने खाल्लेली जागाही मोजलेली असते आणि त्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. उण्यातल्या पाण्यावर उन्हाळी पीक धरू नये.

पैठणला लोक अजून फुटांत बोलतात. भरलेले धरण म्हणजे १५२२ फूट. किमान पातळी ४५५.५२ मीटर, म्हणजे १४९४.५ फूट. या साडेसत्तावीस फुटांत सुमारे २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) उपयुक्त पाणी आहे, सरासरी फुटाला ७९ दलघमी. पण धरण भरलेले असताना पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरलेले असते, त्यामुळे वरचा एक फूट १०७ दलघमीच्या आसपास भरतो. तळाकडचा फूट सरासरीपेक्षाही बराच हलका. म्हणून ‘गेल्या वर्षीपेक्षा चारच फूट कमी’ हे वाक्य फसवे आहे. ते चार फूट वरचे की खालचे, हे आधी विचारावे. (१ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. बातमीत दोन्ही एकके सरमिसळ येतात, तेव्हा आकडा उतरवताना एकक सोबत लिहावे.)

उंचावरच्या धरणात बाष्पीभवन कमी, असे सांगितले जाते. हजार मीटर चढल्यावर हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पैठण आणि मांजरा यांच्या उंचीत १७८ मीटरचा फरक, म्हणजे जेमतेम सव्वा अंश. वारा, हवेतली आर्द्रता आणि विशेषतः धरणाचा उथळपणा यांच्यापुढे हा फरक किरकोळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत खुल्या जलाशयातून दिवसाला ७-८ मिलिमीटर पाणी उडते असे धरावे. २५० चौरस किलोमीटर पृष्ठभागावर हे रोजचे १.९ दलघमीच्या जवळ जाते. पंधरवड्यात १ टीएमसी, एकही मोटर न लावता.

गावाच्या शिवारात दोन-तीन तलाव असतील तर हाच हिशेब करावा. साठा भागिले पृष्ठफळ म्हणजे सरासरी खोली. १ लाख ८० हजार घनमीटरचा तलाव १२ हेक्टरवर पसरला असेल तर खोली दीड मीटर, ४ हेक्टरवर असेल तर साडेचार मीटर. ऑक्टोबर ते जानेवारीच्या शंभर दिवसांत रोज ४ मिलिमीटर धरले तरी पृष्ठभाग ४० सेंटिमीटर उतरतो. पहिल्यातून ४५ हजार घनमीटरच्या आसपास जातील, दुसऱ्यातून १५ हजारांच्या. उथळ तलाव रब्बीच्या पहिल्या पाण्याला आधी वापरावा, खोल राखून ठेवावा. अपवाद पाझर तलावाचा. त्यातले मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळते, तिथे थेट मोटर टाकली की खालच्या शिवाराचे नुकसान होते. आणि उथळ तलाव शेतापेक्षा दहा मीटर वर असेल तर त्या उंचीतून चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब फुकट मिळतो. त्यावर ठिबक विजेविना चालते, तेव्हा ते पाणी पाटाने सोडू नये.

बॅकवॉटरवरच्या उपशाला तलांक सर्वांत जास्त नडतो. समजा शेत ५१२ मीटरवर आहे, उजनी भरलेली आहे, पाइपलाइन ११० मिलिमीटरची ८०० मीटर आणि सेकंदाला ८ लिटर पाणी हवे. उचल १५.२ मीटर, पाइपातले घर्षण सुमारे ७, व्हॉल्व्ह, बेंड वगैरे मिळून ३. एकूण २५ मीटर, यालाच हेड म्हणतात. लिटर गुणिले हेड, त्याला ७५ गुणिले ०.५५ कार्यक्षमता या गुणाकाराने भागले की ४.८५ येते, म्हणजे ५ अश्वशक्ती पुरते. आता पातळी ४ मीटर उतरली. काठ दीडशेला एक अशा उताराचा असेल तर पाणी ६०० मीटर मागे हटते. उचल चारच मीटरने वाढली, पण वाढीव पाइपाचे घर्षण सव्वापाच मीटर. हेड ३४ च्या पुढे गेले, आता साडेसात अश्वशक्ती लागते. पाच अश्वशक्तीची मोटर चालू राहते, धार मात्र बारीक होते आणि दोष व्होल्टेजला दिला जातो. वाढीव तुकडा ११० ऐवजी १४० मिलिमीटरचा टाकला तर त्यातले घर्षण दीड मीटरच्या आसपास येते. मोटर बदलण्याआधी हा विचार करावा.

सक्शनची, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची, उचल सहा मीटरच्या वर नेऊ नये, चार-पाच उत्तम. समुद्रसपाटीला हवेचा दाब १०.३ मीटर पाणी पेलतो, पैठणच्या उंचीवर ९.८, मांजराच्या उंचीवर ९.६. पंप पाणी ओढायचे थांबतो तो या फरकाने क्वचितच. सक्शनच्या सांध्यातून हवा खेचली जाणे आणि फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) गाळात रुतणे ही नेहमीची कारणे. फुटव्हॉल्व्ह तळापासून फूटभर वर टांगावा आणि त्यावर किमान अर्धा मीटर पाणी राहील असे पाहावे. पाण्यावर भोवरा दिसला की हवा आत जात आहे.

शेताची उंची मोबाइलवर पाहून ठरवू नये. साधे जीपीएस उंचीत दहा-वीस मीटर सहज चुकते. शिवाय काही ॲप समुद्रसपाटीऐवजी उपग्रहाच्या गणिती पृष्ठापासूनची उंची दाखवतात. आपल्याकडे ती पन्नास मीटरहून अधिक कमी येते. धरणाचा तलांक त्यातून वजा केला तर शेत पाण्याखाली निघेल. पारदर्शक नळीत पाणी भरून, आतले हवेचे बुडबुडे काढून, काठापासून टप्प्याटप्प्याने उंची चढवत न्यावी आणि त्या दिवशीचा तलांक लिहून ठेवावा.

कालव्याच्या लाभक्षेत्रात १ दलघमीचा अर्थ असा: ८ सेंटिमीटरची एक पाळी हेक्टरी ८०० घनमीटर घेते, वाटेत निम्मे मुरले तर ६२५ हेक्टर एकदा भिजते. रब्बीचे आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची फेरी) १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर या हंगामात बसते. पाटबंधारे खात्याच्या प्रकटनाच्या मुदतीत नमुना नंबर ७ (पाणी मागणीचा अर्ज) भरावा आणि किती पाळ्या मिळणार हे कळल्यावरच पीक ठरवावे. एकच पाळी असेल तर ज्वारीला ती ५० ते ५५ दिवसांनी द्यावी. दोन असतील तर पहिली २८ ते ३० दिवसांनी. गव्हाला एकच पाणी असेल तर ४० ते ४२ दिवसांनी, दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. पण दोनच्या भरवशावर गहू पेरण्यापेक्षा हरभरा बरा, त्याला ३० ते ३५ आणि ६० ते ६५ दिवसांची दोन पाणी पुरतात.

मुळा, भंडारदऱ्याच्या लाभधारकांनी पैठणचाही आकडा पाहावा. २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडण्याचा हिशेब मांडलेला आहे. २८१ मीटर वर असलेले भंडारदरा भरले म्हणून ते सगळे पाणी प्रवरेच्या पाटातच राहील असे धरून उसाची नवी लागण करू नये.