काल्पनिक देशाचा पाण्यात तरंगणारा हलका रणगाडा कसा रचायचा

आधी नकाशा बघा. तुमच्या देशात रुंद नद्या किंवा दलदल नसेल तर हा रणगाडा देऊच नका. नाव, रंग, चिन्ह सगळं शेवटी, पाच मिनिटांचं काम आहे ते.

खरा घोळ होतो वजनात. जो तो सांगतो की आधी दमदार तोफ निवडा, मग चिलखत चढवा आणि शेवटी "हा तरंगतो" असं लिहून टाका. अजिबात ऐकू नका. १४ टनांच्या गाडीला तरंगायला १४ घनमीटर पाणी बाजूला सारावंच लागतं, त्यातून सुटका नाही. सोव्हिएत पीटी-७६ हा तरंगणारा हलका रणगाडा घ्या, सांगाडा ७ मीटरच्या आसपास लांब, ३ मीटरच्या थोडा वर रुंद, वजन साधारण १४ टन, ७६ मिमीची तोफ आणि चिलखत एकदम पातळ. आता कागद घ्या. ७ गुणिले ३ म्हणजे २१ चौरस मीटर, म्हणजे एक टन वाढला की गाडी जवळपास ५ सेंटीमीटर खाली बसते. १० मिमी पोलाद वाढवायचं तर चौरस मीटरला ७८ किलो, नुसत्या चारी बाजूंचे २० चौरस मीटर धरले तरी दीड टन, झाली पाण्यावरची उंची ७-८ सेंटीमीटर कमी, आणि लाट आत यायला तेवढं बास होतं. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या ओमाहा किनाऱ्यापाशी तरंगण्यासाठी कॅनव्हासचे पडदे लावलेले अमेरिकन शर्मन रणगाडे खवळलेल्या समुद्रात सोडले, एका बटालियनच्या २९ पैकी २७ बुडाले. म्हणून आधी पाण्याच्या वर किती उंची राहायला हवी ते ठरवा, मग जे वजन उरेल त्यातच तोफ आणि चिलखत बसवा. उलट क्रमाने गेलात तर सगळं खोडून परत लिहावं लागणार.

मागे पाणी जोरात फेकून गाडी पुढे ढकलणारे दोन वॉटरजेट, पुढे लाट अडवणारी फळी, आत पाणी उपसायचे पंप. झालं.

लढाया लिहिताना ते पातळ चिलखत डोक्यात ठेवा. जिंकवायचंय तर खुशाल जिंकवा पण कारण द्या. नोव्हेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गरीबपूरला आपल्या ४५ कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या पीटी-७६ नी पाकिस्तानचे चॅफी रणगाडे उडवले, पण समोरचेही हलकेच रणगाडे होते आणि आपले आधीच मोक्याच्या जागा धरून बसले होते. १९६९ ला व्हिएतनाममध्ये बेन हेटच्या अमेरिकन तळापाशी उत्तर व्हिएतनामचे असेच पीटी-७६ अमेरिकेच्या जास्त जड एम-४८ रणगाड्यांसमोर आले आणि मार खाऊन मागे फिरले. आणि १९७१ च्याच युद्धात बांगलादेशातल्या मेघना नदीच्या रुंद पात्रात तर आपल्या पीटी-७६ ना शत्रूआधी इंजिन तापण्यानेच अडवलं. तेव्हा तुमचा रणगाडा सलग किती मिनिटं पोहू शकतो तो आकडा आधी ठरवा, मगच त्याला नदीत उतरवा.