शाळा वाढतेय? मग गेटबाहेरचं ट्रॅफिक, पार्किंग आणि चालायचा रस्ता आधी असा तपासा

शाळेला नवीन विंग येणार, पाच-सहा वर्ग वाढणार असं कळलं की सगळ्यांचं लक्ष इमारतीकडे जातं, वर्ग किती, टॉयलेट किती, मैदान किती उरणार. विचारायलाच हवं ते. पण गेटबाहेरच्या दोनशे मीटरचं काय होणार हे बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही, आणि विचारतात तेव्हा प्लॅन पक्का झालेला असतो, गेटची जागा ठरलेली असते, मग हातात फक्त एक "नो पार्किंग"चा बोर्ड लावणं उरतं. प्राथमिक शाळेतली पोरं सहा ते दहा-अकरा वर्षांची असतात, येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा अंदाज त्यांना मोठ्यांसारखा येत नाही, म्हणून हा तपास प्लॅनच्या आधी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आणि तो पालक, शिक्षक, शेजारी कुणीही करू शकतं. ट्रॅफिक इंजिनिअरचा रिपोर्ट लागेलच, पण स्वतः मोजलेलं असलं की त्या रिपोर्टला नेमके प्रश्न विचारता येतात.

नकाशा आणि शाळेकडून चार आकडे

परिसराचा नकाशा प्रिंट करा, शाळेभोवती ४०० मीटरचं एक वर्तुळ काढा आणि ८०० मीटरचं दुसरं. मोठ्या माणसाला हे अंतर साधारण पाच आणि दहा मिनिटांचं, लहान मुलाला अर्थातच जास्त वेळ लागतो. त्यावर सगळी गेटं, बसस्टॉप, ओलांडावे लागणारे मोठे रस्ते, सिग्नल, झेब्रा आणि जिथे फूटपाथ मध्येच संपतो त्या जागा खुणा करून ठेवा.

मग शाळेकडे जा आणि विचारा की आत्ता मुलं किती, वाढल्यावर किती, कुठल्या वर्षापासून, स्टाफ किती वाढणार, भरायची-सुटायची वेळ बदलणार का आणि नवीन गेट नक्की कुठे येणार. मुलांचे पत्ते मागू नका, कुठल्या भागातून साधारण किती येतात एवढं पुरे. आणखी एक गोष्ट लोक विसरतात, बांधकाम चालू असताना ट्रक कुठल्या गेटने आणि किती वाजता येणार? तो काळ वर्ष-दोन वर्षांचा असू शकतो आणि शाळा तेव्हाही भरतच असते.

पहिल्या दिवशी नुसतं उभं राहा

कागद-पेन घरी ठेवा. शाळा भरायच्या अर्धा तास आधी जाऊन गेटच्या समोरच्या बाजूला उभं राहा आणि बेल झाल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत हलू नका, मग सुटायच्या वेळी परत तेच. सकाळ आणि दुपार ही दोन वेगळी दुखणी आहेत हे तेव्हाच लक्षात येतं. सकाळी गाडी येते, मूल उतरतं, गाडी निघते, सगळं घाईत पण पटापट. सुटताना पालक वीस-पंचवीस मिनिटं आधीच येऊन थांबतात, कारण पुढचा नंबर हवा असतो, म्हणून रांग बेल व्हायच्या आधीच लागलेली असते आणि सगळी मुलं एकदम बाहेर येतात. त्यामुळे फक्त सकाळचा सर्व्हे करून "काही प्रॉब्लेम नाही" असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका.

बघताना गाड्यांपेक्षा माणसांकडे बघा. मुलं कुठून ओलांडतात, झेब्रावरून की सरळ रेषेत? पालक मुलाला रस्त्याच्या कुठल्या बाजूला उतरवतात? डबल पार्किंग कुठे होतं, रिव्हर्स कोण घेतं, फूटपाथवर दुचाकी चढते का? रिव्हर्स येणारी गाडी आणि लहान मूल एका ठिकाणी असणं ही माझ्या मते गेटबाहेरची सगळ्यात वाईट गोष्ट, ती दिसली की नकाशावर लाल खूण करा.

मग मोजणी

आठवड्याच्या मधले दिवस घ्या, मंगळवार ते गुरुवार. सुट्टीला लागून आलेला दिवस नको, परीक्षा नको. निदान दोन दिवस मोजा, आणि जमलं तर एक पावसाचा दिवस वेगळा मोजा कारण पावसात चालत येणारी बरीच मुलं गाडीने येतात. आमची पहिली मोजणी वाया गेली होती, दोन वर्ग सहलीला गेलेले आणि आम्हाला पत्ताच नव्हता, आकडे छान कमी आले आणि आम्ही खूश, नंतर शाळेच्या कॅलेंडरवर नजर गेली तेव्हा सगळं परत करावं लागलं. म्हणून आधी शाळेला विचारा की त्या दिवशी हजेरी पूर्ण आहे ना.

आकडे तासाचे लिहू नका, पाच-पाच मिनिटांचे लिहा. शाळेचं ट्रॅफिक पंधरा-वीस मिनिटांत येऊन जातं, तासाची बेरीज केली की तो उंचवटा सपाट होतो आणि कागदावर रस्ता मोकळा दिसतो. कार, दुचाकी, व्हॅन, बस, सायकल, चालत आलेली मुलं, प्रत्येकाचा रकाना वेगळा, आणि मुलं मोजताना ती एकटी आहेत की मोठ्यांबरोबर हेही टिपा. गेटवर एक माणूस, जवळच्या चौकात एक, आणि रांगेच्या शेपटीकडे एक, म्हणजे तिघं लागतात.

आता पुढचा अंदाज. समजा शाळेत ४०० मुलं आहेत आणि सुटायच्या वेळी न्यायला १२० गाड्या येतात, म्हणजे प्रत्येक मुलामागे ०.३ गाडी. मुलं ५६० झाली की गाड्या १६८. प्रत्येक गाडी येते आणि जाते, म्हणून रस्त्यावर ३३६ फेऱ्या. तयार तक्त्यांतले सरासरी आकडे असतात, पण तुमच्याच गेटवर मोजलेला दर त्यापेक्षा भरवशाचा, कारण तुमच्याकडे किती मुलं चालत येतात हे त्या तक्त्याला माहीत नसतं. एक शंका मात्र घ्या, नवीन मुलं लांबून येणार असतील तर हा दर वाढेल.

रांग का फुगते ते समजून घ्या

हा भाग जरा सावकाश वाचा, सगळ्या मीटिंगमध्ये इथेच गोंधळ होतो. लोक म्हणतात मुलं ४० टक्के वाढणार म्हणजे गर्दी ४० टक्के वाढेल, चालून जाईल. तसं होत नाही.

समजा गेटपाशी एका वेळी ३ गाड्या उभ्या राहून मुलं घेऊ शकतात आणि एका गाडीला ४५ सेकंद लागतात (हे स्टॉपवॉचने मोजा, २०-३० गाड्यांचं). म्हणजे मिनिटाला ४ गाड्या निघतात. आत्ता सगळ्यात गर्दीच्या १५ मिनिटांत ६० गाड्या येतात, म्हणजे मिनिटाला ४. येणं-जाणं बरोबर जुळलंय, कसंबसं चालतंय. शाळा वाढल्यावर त्याच १५ मिनिटांत ८४ येतील, मिनिटाला ५.६, पण निघतायत ४च. दर मिनिटाला १.६ गाड्या मागे साचतात आणि १५ मिनिटांनी २४ गाड्या रांगेत उभ्या. रांगेतल्या एका कारला मधल्या जागेसकट साधारण ७ मीटर धरा, म्हणजे १६८ मीटर. गेटपासून चौक १२० मीटरवर असेल तर चौक बंद, आणि त्या चौकातून ज्यांचा शाळेशी काही संबंध नाही असे लोकही अडकणार, ॲम्ब्युलन्सही अडकणार.

म्हणून प्लॅन बघताना "पार्किंग किती" याच्या आधी "रांगेला आत जागा किती मीटर" हे विचारा. उभं राहायच्या जागा ३ च्या ५ केल्या तर मिनिटाला साडेसहाच्या वर गाड्या निघतात आणि वरची रांग साचतच नाही, इतका फरक पडतो. मूल उतरेल ते फूटपाथच्या बाजूनेच, गाडीला आत शिरून पुढेच निघता आलं पाहिजे, आणि बसची जागा कारपासून वेगळी. बस आणि अग्निशमनची गाडी वळेल का हे इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर काढून घ्या, तोंडी "वळेल" म्हणणं चालणार नाही.

पार्किंग

इथे फार वेळ लागत नाही. सकाळी शाळा भरायच्या आधी, अकराच्या सुमारास आणि सुटायच्या वेळी, अशा तीन फेऱ्या मारा, ४०० मीटरच्या आतल्या रस्त्यांवर जागा किती आणि भरलेल्या किती ते लिहा. साधारण ८५ टक्के भरलं की ते भरलंच समजा, कारण त्यापुढे लोक जागा शोधत गोल-गोल फिरायला लागतात आणि ते फिरणं म्हणजेच जास्तीचं ट्रॅफिक. स्टाफच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात, पालकांच्या दहा मिनिटं, ही दोन गणितं वेगळी ठेवा. शाळेच्या कार्यक्रमाची संध्याकाळ एकदा बघून घ्या. आणि शेजाऱ्यांशी बोला, त्यांच्या फाटकासमोर गाडी लागते तेव्हा शाळेवरचा राग तिथूनच सुरू होतो.

चालत जाऊन बघा, मुलाच्या उंचीवरून

सात वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटिमीटरवर असतात. मोबाईल छातीपाशी धरा, व्हिडिओ चालू करा आणि मुलं ज्या रस्त्याने येतात त्या रस्त्याने गेटपर्यंत चाला. घरी येऊन तो व्हिडिओ बघा. मोठ्यांना जो कोपरा मोकळा वाटतो तिथे तुम्हाला फक्त गाड्यांचे दरवाजे दिसतील.

एका शाळेबाहेर मी दुसरी-तिसरीतली एक मुलगी बघितली, झेब्राच्या अगदी कडेला दोन गाड्या लावलेल्या, त्यांच्या फटीत ती उभी, दप्तर मागच्या बोनेटला टेकलेलं. एक पाऊल पुढे टाकायची, मान काढून बघायची, परत मागे. असं तीनदा. चौथ्यांदा ती धावत सुटली आणि स्कूटरवाल्याला ती दिसली ती थेट रस्त्याच्या मध्यावर. ब्रेक लागला, काही झालं नाही. पण ती मुलगी नियमाने वागत होती, झेब्रावरूनच जात होती हो! चूक तिची नव्हती, झेब्राच्या आधीचे सहा मीटर मोकळे नव्हते. म्हणून टेप घेऊन जा आणि प्रत्येक झेब्रापासून पहिली उभी गाडी किती मीटरवर आहे ते मोजा, सहाच्या आत असेल तर ती जागा यादीत वर टाका, बोर्डाने भागत नसेल तर तिथे फूटपाथच थोडा पुढे वाढवून घ्यावा लागतो.

फूटपाथची रुंदी मोजताना भिंतीपासून कडेपर्यंत मोजू नका, खांब, झाड, डीपी, उभी दुचाकी सोडून जे उरतं ते मोजा. दोन माणसं आरामात शेजारून जायला १.८ मीटर तरी मोकळं हवं, आणि गेटसमोर त्याहून बरंच जास्त कारण तिथे पालक थांबतात. उतार आहे का, व्हीलचेअर किंवा बाबागाडी चढेल का, तेही बघा.

ओलांडायला पुरेसा वेळ मिळतो का हे असं काढा. रस्ता ८ मीटर रुंद, लहान मूल सेकंदाला साधारण १ मीटर चालतं, म्हणजे ८ सेकंद, बघून पाऊल उचलायला ३ सेकंद, झाले ११. घोळका असेल तर मागच्या प्रत्येक ओळीला आणखी २ सेकंद. आता स्टॉपवॉच लावून बघा की दोन गाड्यांच्या मध्ये ११ सेकंदांची मोकळीक किती वेळा मिळते. अमेरिकेच्या ट्रॅफिक नियमावलीत शाळेजवळ सिग्नल द्यायचा का हे ठरवताना हीच पद्धत आहे, मिनिटाला सरासरी एकही पुरेशी मोकळीक मिळत नसेल तर विचार करायची वेळ आली असं धरतात.

वेग मोजायला मशीन लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा. ते अंतर गाडीने ६ सेकंदांत कापलं तर वेग ताशी ३० किमी, साडेचार सेकंदांत ४०, आणि ३.६ सेकंदांत ५०. शंभर गाड्या मोजा, हळूपासून वेगवान अशा लावा आणि ८५ वी बघा, इंजिनिअर लोक तोच आकडा वापरतात. कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाची गाडी ड्रायव्हरला दिसल्यापासून साधारण १७-१८ मीटरमध्ये थांबते, ५० ची जवळपास ३५ मीटरमध्ये. जागतिक आरोग्य संघटना पण जिथे चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० चीच मर्यादा सुचवते.

मागणी काय करायची

सगळं एका पानावर आणा, नकाशा, तीन-चार आकडे आणि फोटो (मुलांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर झाकून). मागण्यांचा क्रम माझ्या मते असा असावा, आधी चालणाऱ्यांचं, मग बसचं, मग कारचं. चालणाऱ्यांसाठी वेगळं गेट, जे गाड्यांच्या गेटपासून लांब असेल, ही एक गोष्ट प्लॅनमध्ये घुसवता आली तरी खूप झालं, कारण नंतर ती होत नाही. उंच केलेला झेब्रा, शिट्टी घेऊन उभा राहणारा माणूस, वरच्या आणि खालच्या वर्गांच्या सुटायच्या वेळेत पंधरा मिनिटांचं अंतर, आणि पाच-सात मिनिटांच्या चालीवर गाडी लावून पुढे पायी यायची एक ठरलेली जागा, हे सगळं मोठ्या बांधकामाशिवाय होतं. काही शहरांत शाळा भरताना-सुटताना गेटसमोरचा रस्ता गाड्यांना बंदच ठेवतात, आसपासचे रस्ते तो भार घेऊ शकत असतील तर तेही मागा. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात १९७० च्या दशकात शाळेच्या वाटा सुरक्षित करायचं काम सुरू झालं तेव्हाही सुरुवात धोक्याच्या जागा शोधून एकेक दुरुस्त करण्यापासूनच होती.

मंजुरी देताना एक अट लिहून घ्या, नवीन वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत परत मोजणी होईल आणि रांग ठरलेल्या मीटरच्या पुढे गेली तर शाळा काय करणार हे आधीच ठरलेलं असेल. ती मोजणी त्याच जागांवर, त्याच रकान्यांत करा. तुमचा पहिला कागद म्हणूनच जपून ठेवायचा.