स्वस्तातली वेगवान जुनी गाडी घेताना

पोर्शे बॉक्स्टरसारखी दोन आसनांची खरीखुरी स्पोर्ट्स कार युरोप-अमेरिकेत जुनी झाली की मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येते. आपल्याकडे आयात शुल्कामुळे अशा गाड्या मुळातच इतक्या थोड्या आल्या की वीस वर्षांनीही त्यांना स्वस्त म्हणता येत नाही. त्यामुळे महाराष्ट्रात स्वस्तातली स्पोर्ट्स कार शोधणारा माणूस शेवटी टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या, पेट्रोल इंजिनाच्या हॅचबॅककडे किंवा सेडानकडे वळतो. यांतल्या तीन चांगल्या गाड्या महाराष्ट्रातल्याच कारखान्यांतून बाहेर पडल्या: चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, रांजणगावची, फियाटची अबार्थ पुंटो आणि छत्रपती संभाजीनगरला जुळवलेली, २०१७ साली आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. पुढचे विवेचन मुख्यतः या तिघींना धरून केले आहे.

आधी लाभाचा विचार करू, कारण तो खरा आहे. पोलोचे जेमतेम १.२ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती देते, अबार्थचे १.४ लिटरचे इंजिन १४५ आणि ऑक्टाव्हियाचे दोन लिटरचे इंजिन २३०. शंभरचा वेग गाठायला कंपन्यांच्या दाव्याप्रमाणे या गाड्यांना अनुक्रमे ९.७, ८.८ आणि ६.८ सेकंद लागतात. आकड्यांपेक्षाही मोलाचा आहे तो चालवण्याचा अनुभव. ताम्हिणी घाटात एका वळणातून बाहेर पडताना अबार्थचा टर्बो जागा होतो आणि तिचे हायड्रॉलिक स्टिअरिंग रस्त्याचा प्रत्येक कंप हातापर्यंत पोहोचवते, तेव्हा हीच रक्कम नव्या साध्या गाडीत का घातली नाही याचे उत्तर आपोआप मिळते. शिवाय किमतीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते, त्यामुळे नीट राखलेली गाडी तीन-चार वर्षे वापरून विकली तरी तोटा तुलनेने मर्यादित राहतो.

मात्र गाडीची किंमत निम्म्यावर आली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत निम्म्यावर येत नाही, आणि बहुतेक खरेदीदार नेमके इथेच फसतात. पंचवीस लाखांची म्हणून विकली गेलेली गाडी आज दहा-बारा लाखांना मिळाली, तरी तिचे ब्रेक, टायर आणि गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्या गाडीचेच असतात. म्हणून हाताशी असलेल्या रकमेचा निदान चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्या पैशांतच गाडी शोधावी. एवढी शिल्लक ठेवणे जमत नसेल, तर एक पायरी खालची पण उत्तम अवस्थेतली गाडी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आता एकेका गाडीचे दुखणे पाहू. २०१३ ते २०२० या काळातल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित, गिअरबॉक्स आहे. त्याचे मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारी विद्युत-हायड्रॉलिक यंत्रणा, आणि दोन्ही क्लच ही त्याची नाजूक अंगे आहेत, आणि मेकाट्रॉनिक बदलण्याचा खर्च लाखाच्या पुढे सहज जातो. त्यामुळे चाचणी सपाट रस्त्यावर उरकू नये. पुण्यात असाल तर बोपदेव घाटासारख्या चढावर गाडी थांबवून पुन्हा हळूहळू उचलावी, आणि इंजिन तापल्यावर संथ रहदारीत पंधरा-वीस मिनिटे चालवावी. पहिल्या गिअरमध्ये थरथर, रिव्हर्स टाकताना धक्का किंवा डॅशबोर्डवर लुकलुकणारा गिअरचा दर्शक, यांपैकी काहीही दिसले तर विक्रेत्याने कितीही समजूत घातली तरी भाव करत बसू नये.

ऑक्टाव्हिया आरएसचा सहा गिअरचा डीएसजी तेलात बुडालेल्या क्लचचा आणि अधिक दणकट आहे. पण त्याचे तेल आणि फिल्टर दर साठ हजार किलोमीटरला बदलल्याची नोंद कागदावर हवी. तिच्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे आणि थर्मोस्टॅटचे आवरण प्लास्टिकचे असून ते कालांतराने झिरपू लागते, म्हणून त्या भागाभोवती कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, वाळलेले डाग आहेत का ते टॉर्च घेऊन पाहावे.

अबार्थचे इंजिन आणि हाताने बदलायचा गिअरबॉक्स यांबद्दल तक्रार कमी. टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटर कमी असले तरी वयोमानानुसार बदलावा लागतो. तिची खरी अडचण फियाटने भारतीय बाजार सोडल्यापासूनची आहे. इंजिनाचे भाग खटपट करून मिळतात, पण खास अबार्थचा बंपर किंवा हेडलॅम्प फुटला तर गाडी महिनोन्महिने उभी राहू शकते. आणखी एक सावधगिरी अशी की, साध्या पुंटोला विंचवाची चिन्हे आणि पट्टे लावून अबार्थ म्हणून खपवणे अशक्य नाही, आणि आरसी बुकातला १३६८ सीसी हा आकडा पाहून निश्चिंत होता येत नाही, कारण साध्या पुंटोचे १.४ लिटरचे पेट्रोल इंजिनही तेवढ्याच क्षमतेचे आहे. चॅसिस क्रमांकावरून मूळ मॉडेल पडताळून घ्यावे.

तिन्ही गाड्यांना लागू असणारा सर्वांत मोठा धोका म्हणजे आधीच्या मालकाची हौस. इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून, म्हणजे रीमॅप करून, ताकद वाढवणे सोपे आणि बाहेरून न दिसणारे काम आहे. पोलोचा गिअरबॉक्स साधारण २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलण्यासाठी बनवलेला आहे. मूळ इंजिन १७५ देते, पण रीमॅपनंतर हे अंतर झपाट्याने मिटते आणि झीज वाढते. विकण्याआधी मूळ प्रोग्रॅम परत घातला जातो आणि नव्या मालकाच्या हाती फक्त झीज येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, आणि न कळवलेल्या बदलांमुळे विम्याचा दावा अडू शकतो, हेही लक्षात ठेवावे. एक्झॉस्ट, एअर फिल्टर आणि इंटरकूलरचे पाइप बाजारातले दिसले तर मूळ भाग कुठे आहेत, हे स्पष्ट विचारावे. मी स्वतः एका बदल न केलेल्या गाडीसाठी चाळीस हजार जास्त मोजले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

तपासणीला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगावे. आपण पोहोचल्यावर बॉनेट गरम लागले तर दुसऱ्या दिवशी यावे. थंड इंजिन सुरू होतानाचा खडखडाट आणि जोर दिल्यावर येणारा निळसर धूर टर्बोची व इंजिनाची प्रकृती सांगतात. त्यानंतर या गाड्या जाणणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडून गाडीच्या संगणकातल्या दोषांच्या सर्व नोंदी स्कॅनरवर वाचून घ्याव्यात. एकही दोष दिसत नसेल आणि इंजिनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसत असतील, तर नोंदी नुकत्याच पुसल्या आहेत किंवा बॅटरी काढली होती, असे समजावे. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावा.

पुराची तपासणी आपल्याकडे वेगळी करावीच लागते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी शिरले होते, आणि पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून दुसऱ्या शहरात विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधावी, सीटखालच्या रुळांवरचा गंज पाहावा आणि डिकीतले स्टेपनीचे चाक उचलून खालचा पत्रा तपासावा.

कागदपत्रांत सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर मालकाचे नाव, कर्जाचा बोजा आणि थकलेली ई-चलने पाहावीत. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ मागावा. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातली गाडी जाहिरातीत स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची ना हरकत आणि इथे भरावा लागणारा रस्ता कर धरला की फरक बराच आटतो. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा, आणि नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो हे गृहीत धरून हप्त्याचा हिशेब करावा.

व्यवहार झाल्यावर आधीच्या मालकाने काल तेल बदलले असे सांगितले तरी इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि स्पार्क प्लग नव्याने बदलावेत. बाजूला ठेवलेली रक्कम त्यासाठीच आहे. टायरच्या बाजूवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. असे जुने टायर नक्षी शाबूत असली तरी काढून टाकावेत. ही कामे होईपर्यंत गाडी शहरातच चालवावी, आणि ताम्हिणीची पहिली फेरी नव्या टायरांवरच करावी.