गर्भनिरोधक गोळी गर्भधारणा कशी रोखते आणि ती कशी घ्यावी

सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या 'माला-एन'च्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यांपैकी 21 पांढऱ्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके असतात. उरलेल्या 7 तपकिरी गोळ्या केवळ लोहाच्या असतात. पांढरी गोळी रोज पोटात गेली की मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला मिळणारा संदेश दबतो आणि स्त्रीबीज बाहेर पडत नाही. शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते. आधीच राहिलेला गर्भ मात्र या गोळीने पडत नाही.

पाळी आल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिले पाकीट सुरू करावे, गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी आणि पाकीट संपताच दुसऱ्या दिवशी, पाळी चालू असली तरी, नवे पाकीट उघडावे. माझ्या मते सर्वांत जपण्याची जागा हीच आहे. लोहाच्या गोळ्यांच्या सात दिवसांत अंडाशयाला संप्रेरके मिळत नाहीत, आणि हे दिवस लांबले की स्त्रीबीज तयार होण्यास अवधी मिळतो. म्हणूनच दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना भागांतून ऊसतोडीला निघणाऱ्या स्त्रियांनी पुढच्या पाच-सहा महिन्यांची पाकिटे आशाताईंकडे आधीच मागावीत. फडावर मुक्काम पडल्यावर ती शोधत हिंडणे फार कठीण जाते.

एक पांढरी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी आणि पुढची नेहमीच्या वेळी घ्यावी, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा अधिक चुकल्या तर एक लगेच घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा आणि सलग सात पांढऱ्या गोळ्या होईपर्यंत निरोध वापरावा. चूक पांढऱ्या गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात झाली असेल, तर तपकिरी गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू करावे. तपकिरी गोळी चुकल्याने गर्भ राहण्याचा धोका वाढत नाही.

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मळमळ किंवा मधूनच थोडे रक्त जाणे संभवते. त्यासाठी गोळी बंद करू नये. रक्तदाब जास्त असल्यास, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेली असल्यास, पस्तिशीनंतर बिडी-सिगारेटची सवय असल्यास ही गोळी घेऊ नये. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे तिचा प्रभाव घटतो, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना सांगावीत. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईसाठी संप्रेरकरहित 'छाया' ही गोळी सोयीची आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.