वडिलांचं मृत्युपत्र सापडत नाहीये? या चुका टाळा

बाबा गेले त्याला आता तिसरं वर्ष लागेल. मृत्युपत्र केलंय असं ते आईला दोनदा बोलले होते, पण ठेवलंय कुठे ते सांगायचं राहूनच गेलं. रत्नागिरीजवळचं आमचं कौलारू घर आम्ही पालथं घातलं. तेव्हा ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्या कोणाच्या होऊ नयेत म्हणून लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लगेच घर आवरायला घेणं. पाहुणे गेले आणि दादाने जुने पेपर, बिलं, वह्या सगळं बांधून न्हाणीच्या चुलीजवळ नेऊन ठेवलं, पाणी तापवायला होईल म्हणून, आणि दोन दिवस ते जळतही होतं, मग एका वकिलांकडून कळलं की मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागतच नाही, साध्या कागदावर लिहून सही केली आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की पुरे, रजिस्टर करायचीही सक्ती नाही. म्हणजे वहीतलं एखादं पानसुद्धा मृत्युपत्र असू शकतं. त्या दोन दिवसांत काय जळलं ते आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

दुसरं, फक्त कपाट आणि लॉकर बघू नका, माणसाच्या सवयी आठवा. बाबा सगळं कॅलेंडरवर लिहायचे, गॅस कधी लावला, कलमांना फवारणी कधी झाली, आणि जुनी कॅलेंडरं गुंडाळी करून पोटमाळ्यावर ठेवायचे. आईने एक एक उलगडून बघितलं. 2016 च्या जुलैच्या पानावर एका तारखेला पेन्सिलने चौकट, आत बारीक अक्षरात "दस्त. अण्णा, मास्तर". तीन शब्द, पण साक्षीदार कोण ते कळलं! अण्णा म्हणजे बाबांचे मुंबईच्या चाळीतले शेजारी, त्यांना फोन लावला तर म्हणाले, "अगो, ते बोरिवलीला रजिस्टर केलंय, मी होतो ना बरोबर."

आणि आम्ही चार महिने रत्नागिरीतच विचारत होतो. जमीन इथे म्हणून कागद इथेच असणार असं धरून चालू नका, मृत्युपत्र कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवता येतं, त्यामुळे घरचं माणूस मुंबईला नोकरीला होतं तर तिथेही शोधा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढून काही हाती लागणार नाही, तो जमिनीच्या दस्तांचा, मृत्युपत्रं त्या कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 3 मध्ये असतात. करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्यालाच देतात, पण तो गेल्यावर मृत्यूचा दाखला जोडून अर्ज केला की प्रमाणित नक्कल मिळते. बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे, तेही विचारून घ्या.

आता बहिणींसाठी खास. सापडत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणून भावकीतले लोक हक्कसोडपत्र पुढे करतात, गणपतीला सगळे जमलेत तर उरकून टाकू म्हणतात. सही करू नका. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा आणि आजी, म्हणजे वडिलांची आई, असेल तर तीही, सगळ्यांना सारखा वाटा असतो, आणि एकदा हक्कसोड रजिस्टर झालं की ते फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते. वारस नोंदीचा अर्ज द्या, पण शोध चालू आहे हे तलाठ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

कागद सापडलाच आणि पावसाने भिजून चिकटलेला असला तर ओढून सोडवू नका, कडक उन्हात टाकू नका, सावलीत पसरून आधी फोटो काढा. लॅमिनेशन तर अजिबात नको, सह्या तपासायची वेळ आली की अडचण होते. बंद पाकीट निघालं तर सगळ्या वारसांसमोर फोडा. आणि एक सापडलं म्हणून थांबू नका, तारीख बघा, कारण नंतरचं मृत्युपत्र आधीचं रद्द करतं.

मूळ कागद हरवला आणि नक्कल किंवा कच्चा मसुदा असला तरी सगळं संपत नाही, 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात कलम 237 त्यासाठीच आहे. पण वाद झाला तर निदान एक साक्षीदार कोर्टात उभा राहावा लागतो. मास्तर गेल्या पावसाळ्यात गेले. अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांचा पत्ता आणि नंबर मी वकिलांच्या फाईलला पहिल्याच पानावर लावून ठेवलाय.