बक्षीस आधी हातात द्या, मग चालायला सांगा

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात आम्ही चौदा जण, काम अकाउंटचं आणि जीएसटीचं, म्हणजे सकाळी दहाला खुर्चीत टेकलेला माणूस थेट जेवायलाच उठणार आणि डबा टेबलावरच उघडला तर तेवढंपण नाही. स्कूटर दारापर्यंत, चहा जागेवर, प्रिंटर हाताशी. एकाच महिन्यात दोघांना शुगर निघाली तेव्हा मी म्हटलं आता काहीतरी करायला हवं. ज्यांचं छोटं ऑफिस, पतसंस्था, शाळेचं कार्यालय असं काही आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण पहिल्या खेपेला मी सगळं उलटं केलं होतं.

उलटं म्हणजे काय, तर एप्रिलात जाहीर केलं की महिन्यात जो सगळ्यात जास्त चालेल त्याला हापूसची पेटी, आणि भिंतीवर नंबर लावून तक्ता चिकटवला. चौथ्या दिवशी अकरा जण गळाले, कारण वरचे तिघं कुठच्या कुठे पुढे गेले होते आणि आपल्याला पेटी मिळत नाही हे बाकीच्यांना कळून चुकलं होतं. शेवटी पेटी गेली कोणाकडे? बँक-पोस्टाच्या फेऱ्या मारणाऱ्या आमच्या शिपायाकडे, जो तसाही दिवसभर चालतच असतो. खुर्चीवाले खुर्चीतच. वर तक्त्यावर सगळ्यात खाली नाव असलेल्या बाई माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हत्या, आणि त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून पहिलं काम, शर्यत लावू नका. प्रत्येकाचं टार्गेट त्याचं त्याला. आधी दोन आठवडे काहीच सांगू नका, फक्त फोनमधलं पावलं मोजणारं अॅप चालू ठेवायला लावा आणि रोजची सरासरी काढा. आमच्याकडे कोणाची २,२०० निघाली, कोणाची ५,०००. त्यात साधारण १,५०० वाढवायची, म्हणजे पंधरा मिनिटांचं चालणं झालं, कारण जरा झपझप चाललं की मिनिटाला शंभरेक पावलं पडतात. दर महिन्याला थोडं वाढवत ७,००० च्या आसपास न्यायचं, ते पाचेक किलोमीटर होतात. आणि ते १०,००० चं भूत डोक्यातून काढा, तो आकडा डॉक्टरांनी दिलेला नाही, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं त्याचं नावच ‘मानपो-केई’ होतं, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांवर झालेल्या अभ्यासात रोज ४,४०० पावलांपासूनच मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला आणि ७,५०० च्या पुढे फारसा वाढला नाही. २,२०० वाल्याला १०,००० सांगितलं तर तो पहिल्याच दिवशी हात जोडतो.

गुडघे, हार्ट, शुगरच्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर टार्गेट डॉक्टरला विचारूनच ठरवा. आमचे मालवणकडचे एक काका पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘माका चलूक सांगू नको, गुडघे दुखतत.’ त्यांना पावलं नाहीतच, दर तासाला उठून व्हरांड्यात एक फेरी एवढंच टार्गेट दिलं आणि पैसे बाकीच्यांएवढेच.

आता पैशाचं, आणि खरी गंमत इथेच आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात वजन जास्त असलेल्या २८१ कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, २०१६ मध्ये छापून आला. सगळ्यांना रोज ७,००० पावलं, १३ आठवडे. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्याला टार्गेट झालेल्या दिवसाचे १.४० डॉलर. तिसऱ्याला रोजची लॉटरी. चौथ्याच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीलाच ४२ डॉलर जमा करून टाकले आणि टार्गेट चुकलं की त्या दिवसाचे १.४० कापायचे. नीट बघितलं तर दुसऱ्याचा आणि चौथ्याचा हिशोब एकच आहे. पण काहीच न मिळणाऱ्यांनी ३० टक्के दिवस टार्गेट गाठलं, रोज कमावणाऱ्यांनी ३५, लॉटरीवाल्यांनी ३६ आणि आधी मिळून कापले जाणाऱ्यांनी ४५. मिळण्याच्या आनंदापेक्षा हातातलं गेल्याचं दुःख मोठं असतं, हे काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको, पाचशे मिळालेले माणूस दुपारपर्यंत विसरतो आणि हरवलेले पन्नास चार दिवस शोधत बसतो.

तर आम्ही काय केलं, एक तारखेला प्रत्येकाच्या नावाचं पाकीट केलं, आत वीसच्या तीस नोटा, सहाशे रुपये, त्याच्यासमोर मोजून त्याच्याच ड्रॉवरमध्ये. टार्गेट चुकलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने एक नोट काढून चहाच्या डब्यात टाकायची. स्वतःच्या हाताने हे महत्त्वाचं, ती नोट काढताना तोंडं बघण्यासारखी असतात. महिनाअखेरीला उरेल ते त्याचं, आणि डब्यातल्या पैशांची भजी सगळ्यांना, त्यामुळे चुकलेलाही अगदीच कोरडा जात नाही. चौदा जणांचे महिन्याला जास्तीत जास्त ८,४०० होतात, तीन महिन्यांचे २५,२००.

हे पैसे पगारातले नकोत. पगार कापून चालायला लावणं कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही. वेगळा फंड, पगाराच्या वर दिलेला. आणि भाग घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

चोरी होणारच, तिची तयारी ठेवा. फोन हातात धरून हलवत बसणं, मुलाच्या खिशात घालून क्रिकेटला पाठवणं, हे सगळं आम्ही पाहिलं. एकाचे रविवारी अकरा हजार दिसले, विचारलं तर म्हणे चिपळूणला जाऊन आलो, एसटीने! खड्ड्यांनी मोजले बहुतेक. मी पोलीसगिरी करत बसलो नाही, फक्त रविवार हिशोबातून काढला आणि त्या चार-पाच नोटा सगळ्यांना तशाच सोडल्या. वीस रुपयांसाठी माणसावर संशय घेतला तर ऑफिसचं वातावरण जातं, ते परत आणायला वीस हजार लागतील.

नुसत्या पैशाने होत नाही, चालायला वेळ आणि जागा पण तुम्हीच द्यायची. जेवणाच्या सुट्टीला आम्ही पंधरा मिनिटं जोडली, शतपावलीसाठी. जेवल्यावर चाललं की साखर कमी चढते, हे आजीला माहीत होतंच. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी दीडला कोणाला उन्हात पाठवू नका, घामाने निथळून माणूस परत येतो आणि पुढचे दोन तास कामाचा राहत नाही. तेव्हा सावलीत, जिन्यात, फोनवर बोलताना व्हरांड्यात. संध्याकाळी साडेपाचला मांडवीवर किंवा भाट्याच्या किनाऱ्यावर, जमलं तर सगळे मिळून. पावसात तर आणखी जपायचं, जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आमचे एक जण टार्गेटच्या नादात पाखाडीवरनं घसरले आणि मनगट मुरगळून बसले. म्हणून जून ते सप्टेंबर टार्गेट पाचशेने कमी, आणि रेड अलर्टच्या दिवशी हिशोबच नाही.

तीन महिन्यांनी पैसे बंद केले की काय होतं? बरेचजण परत खुर्चीत. सिंगापूरमध्ये ८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, त्यातल्या एका गटाला पावलं मोजणारं यंत्र आणि वर रोख बक्षीस देऊन पाहिलं, सहा महिने छान चालले, बक्षीस थांबवल्यावर पुढच्या सहा महिन्यांत तो फायदा गेला. त्यामुळे एकदम बंद करू नका. आम्ही सहाशेचे तीनशे केले आणि उरलेल्याच्या जागी कोकणातल्या माणसाला पैशापेक्षा गोड लागतं ते ठेवलं, गणपतीची सुट्टी. नेहमीची मिळते ती मिळणारच, तिला हात लावायचा नाही. पण चार-चार, पाच-पाच जणांच्या टीम पाडल्या आणि जुलै-ऑगस्टमध्ये ज्या टीमचे निम्म्याहून जास्त दिवस भरतील तिला चतुर्थीच्या आदल्या दिवशी अर्धा दिवस लवकर सुटका, मखराच्या कामाला.

त्यावर्षी तिन्ही टीम सुटल्या. आदल्या दिवशी दुपारी दोननंतर ऑफिसात मी एकटाच, आणि फोन घ्यायला उठून उठून माझेच टार्गेटपेक्षा दोन हजार जास्त झाले.