सोसायटीत ईव्हीचा (इलेक्ट्रिक गाडीचा) चार्जिंग पॉइंट कसा घ्यायचा (गाडी बुक करायच्या आधी वाचा)

शोरूमवाला म्हणतो चार्जर आम्ही बसवून देतो, टेन्शन नका घेऊ. स्वतःचा बंगला असेल तर खरंच टेन्शन नाही, पण पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहत असाल तर मीटर रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत वायर येण्यातच सगळा वेळ जातो, म्हणून आधी पॉइंट, मग बुकिंग.

सुरुवात पॉवर किती लागणार इथून करा, कारण इथेच लोक उगाच मोठा चार्जर घेतात. रोज ४० किमी फिरणं असेल तर साधारण ६-७ युनिट लागतात. साधा १५ अँपचा पॉइंट ३.३ किलोवॅटच्या आसपास देतो, म्हणजे दोन-अडीच तासांचं काम, आणि गाडी तर रात्रभर उभीच असते ना! ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर) घेतला की ३२ अँप, जाड केबल, मंजूर लोड (वीज कंपनीने तुम्हाला दिलेली किलोवॅटची मर्यादा) वाढवायचा अर्ज आणि कमिटीचा डबल प्रश्न. रोज दीडशे-दोनशे किमी पळत असाल तरच त्याच्या मागे लागा.

आता कमिटी. तोंडी विचारू नका, 'बघू' हे उत्तर ठरलेलं आहे. लेखी अर्ज द्या, त्यात लोड किती, केबल कुठून जाणार त्याचा हाताने काढलेला का होईना नकाशा, खर्च आणि मेंटेनन्स माझा, आणि काम लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, एवढं असू द्या. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाला चार्जिंग पॉइंट मागायचा कायदेशीर हक्क आहे, नॉर्वेतही ठोस कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही (तिथे २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या इलेक्ट्रिक होत्या, उगाच नाही). आपल्याकडे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ लाच घरच्या चार्जिंगला परवानगी आहे असं लिहून दिलंय, त्याची प्रिंट अर्जाला जोडा, सेक्रेटरी लोकांना कागद आवडतो. आणि शक्य असेल तर आणखी दोघातिघांना बरोबर घ्या, केबल ट्रे एकदाच टाकली की पुढच्यांचा खर्च आणि भांडणं दोन्ही कमी.

मीटरचं काय? घरच्याच मीटरवरून वायर ओढणं सोपं, पण महिन्याला ३०० युनिटच्या वर गेलात की वरचा स्लॅब लागतो. महाराष्ट्रात ईव्ही चार्जिंगसाठी २०१८ पासून वेगळा दर आहे, त्यामुळे गाडी जास्त पळणार असेल तर वेगळ्या मीटरचा हिशोब नक्की करून बघा.

काम करताना मात्र कंजूषपणा नको. तांब्याचीच वायर, १५ अँपला ४ स्क्वेअर एमएम, अंतर लांब असेल तर ६. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) हवाच आणि ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला, शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा) पण, तो टाइप ए आहे ना ते बघून घ्या, दुकानदार सर्रास टाइप एसी गळ्यात मारतो, ज्याला फक्त साध्या एसी करंटची गळती कळते. सॉकेट चांगल्या कंपनीचं घ्या कारण गिझर अर्धा तास चालतो, हे सलग तासन्‌तास चालणार, स्वस्तातलं सॉकेट वितळतं. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून समोर मोजून घ्या, न्यूट्रल आणि अर्थमध्ये जास्त व्होल्टेज आलं की बरेच चार्जर चार्जिंगच सुरू करत नाहीत, मग लोक गाडीला शिव्या घालतात. पॉइंट छातीच्या उंचीवर घ्या, बेसमेंटमध्ये जुलैत काय होतं ते माहितीच आहे, आणि चार्जिंग केबलवरचा चार्जरचा डबा अडकवायला शेजारी एक हुक मारा, नाहीतर सगळं वजन प्लगवर येतं.

पझल पार्किंगवाल्यांचं जरा अवघड आहे, गाडीच वरखाली होते म्हटल्यावर केबल न्यायची कशी. तिथे स्वतःच्या पॉइंटचा हट्ट सोडा आणि व्हिजिटर पार्किंगमध्ये सब-मीटर लावलेला एक कॉमन चार्जर मागा, रात्रीच्या पाळ्या ठरवून चार-पाच गाड्यांचं भागतं.